किती क्विंटलची डिग्री?

पोस्ट लांब आहे. घरात दहावी-बारावीचं लेकरू असेल तर पूर्ण वाचा. नसेल तर ज्याच्या घरात आहे त्याला पाठवा.

जून आला की यवतमाळात दोन प्रकारचे बोर्ड लागतात. एक बियाण्यांचे, दुसरे इंजिनिअरिंग कॉलेजांचे. दोन्हींवर हसरे चेहरे, दोन्हींवर भरघोस पिकाची हमी. बियाणं उगवलं नाही तर निदान कृषी विभागाकडे तक्रार करता येते, पंचनामा होतो. "शंभर टक्के प्लेसमेंट" उगवली नाही तर पंचनामा कोण करते? आजवर कोणी केल्याचं मी ऐकलं नाही.

मी स्वतः सिव्हिलचा माणूस. अर्धं आयुष्य सेंटरिंगच्या फळ्यांवर आणि अर्धं बिलाच्या फायलीमागे गेलं. या धंद्यावर माझं पोट आहे आणि प्रेमही आहे. म्हणूनच सांगतो, सिव्हिलची डिग्री चांगली आहे. पण ज्या भावात आणि ज्या क्रमाने ती आपल्या जिल्ह्यातल्या कास्तकाराला विकली जाते, तो सौदा खोटा आहे. वावर विकताना आपण सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, चार माणसं मधात घालतो. पोराच्या चार वर्षांचा सौदा मात्र एका रंगीत पत्रकावर आणि एका एजंटच्या फोनवर होतो.

चला, हिशेब मांडू.

खासगी कॉलेजची फी कॉलेजागणिक वेगळी असते, शुल्क नियामक प्राधिकरण ती ठरवते. हिशेबापुरती वर्षाला ९० हजार धरू. पोरगा ओबीसी किंवा ईबीसीतला असेल, कॅप राउंडमधून लागला असेल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर शिकवणी शुल्कातली निम्मी रक्कम सरकार देते. उरले ४५ हजार. खोली आणि मेस महिन्याला ५ हजार धरली तर दहा महिन्यांचे ५० हजार. परीक्षा फी, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, येणं-जाणं मिळून १५ हजार. झाले वर्षाचे १ लाख १० हजार. चार वर्षांचे ४ लाख ४० हजार. यात लॅपटॉप नाही, आणि राहिलेल्या विषयांचं जास्तीचं वर्षही नाही.

आता हेच कापसात मोजा. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे ही डिग्री झाली ५४ क्विंटलची. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर शिष्यवृत्ती नाही, पूर्ण फी. मग ती जाते ७६ क्विंटलवर.

पाच एकर कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर वर्षाचा कापूस २५ क्विंटल. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी जाऊन क्विंटलमागे अडीच हजार उरले तरी आपण देवाला नारळ फोडतो. म्हणजे हाती वर्षाचे ६२ हजार ५००. त्यातला एक रुपयाही घरात खर्च केला नाही, लग्न नाही, दवाखाना नाही, तरी ही डिग्री फेडायला सात हंगाम लागतात. सात हंगामांत बोंडअळी किती वेळा येते आणि पाऊस किती वेळा दगा देते, हे मी यवतमाळच्या माणसाला काय सांगू?

कर्ज काढू म्हणता? काढा. ४ लाखांपर्यंत बँक साधारणपणे तारण मागत नाही. पण साडेदहा टक्क्यांनी ४ लाख सात वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता बसतो जवळपास पावणेसात हजार. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळं.

हे झालं जाणं. आता येणं पाहू.

आपल्याकडच्या खासगी कॉलेजातून सिव्हिल करून निघालेला पोरगा नागपूर, पुणे, संभाजीनगरला साईट इंजिनिअर म्हणून लागतो. माझ्या पाहण्यातल्या पोरांना पहिला पगार १२ ते १८ हजारांच्या मधात मिळतो. सकाळी आठला साईट, रात्री स्लॅबचं काँक्रीट संपेपर्यंत सुट्टी नाही. खोलीचं भाडं, डबा आणि गाडीचं पेट्रोल गेल्यावर त्या १५ हजारांतून पावणेसात हजारांचा हप्ता कसा काढायचा, हे गणित अभियांत्रिकी गणिताच्या कोणत्याच पेपरात नसते. त्याच साईटवरचा मिस्त्री दिवसाची हजेरी ८०० रुपये घेते. महिन्याचे २५ दिवस भरले तर २० हजार. मिस्त्रीला जास्त मिळते याचं मला दुःख नाही, त्याच्या हातात कसब आहे. दुःख याचं आहे, की त्या पोराच्या बापाला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं.

पाच-सात वर्षं टिकला, चांगल्या कंपनीत गेला, बिलिंग आणि प्लॅनिंग शिकला, तर पगार वाढतो. ३०-४० हजारांवर गेलेली पोरं मला माहीत आहेत. पण पहिली पाच वर्षं घरून पैसे मागवून काढावी लागतात आणि ज्याच्या घरून येत नाहीत तो मधातच गळतो. मग तो बी. ई. सिव्हिल पोरगा दारव्हा रोडवर मोबाईलचं दुकान टाकते किंवा पोलीस भरतीला पळते.

"अरे, सरकारी नोकरी लागली की सगळं फिटते!"

हे वाक्य मी हजारदा ऐकलं. तर घ्या सरकारी नोकरीचा हिशेब. सार्वजनिक बांधकाम विभागाची २०२३ ची मोठी जाहिरात आठवा. पूर्ण महाराष्ट्रासाठी २,१०९ जागा. त्यात कनिष्ठ अभियंता स्थापत्यच्या ५३२, स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यकाच्या १,३७८. खुल्या वर्गाला अर्जाची फी १ हजार रुपये.

आता नीट वाचा. या कनिष्ठ अभियंत्याला किमान पात्रता काय लागते? तीन वर्षांची पदविका. डिप्लोमा! मूळ वेतन ३८,६०० पासून. सहाय्यकाच्या पदाचं मूळ वेतन २५,५०० पासून, आणि त्याला तर दहावीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही चालते. म्हणजे ज्या नोकरीची आशा दाखवून चार वर्षांची डिग्री विकली जाते, त्या नोकरीला ती डिग्री लागतच नाही.

डिग्री लागते ती एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेला. तिथला सहायक अभियंता श्रेणी दोन ४१,८०० वर सुरू होतो. डिप्लोमावाल्याच्या आणि याच्या मूळ वेतनातला फरक ३,२०० रुपये. त्याच्या वर सहायक कार्यकारी अभियंता आहे, ५६,१०० मूळ वेतन. तिथं डिग्रीची खरी किंमत वसूल होते, मान्य. पण त्या जागा किती निघतात आणि किती वर्षांनी निघतात, ते पुण्यात सदाशिव पेठेत खोली करून राहिलेल्या आपल्या पोरांना विचारा.

सरकार स्वतः डिग्रीला काय भाव देते, तेही पाहून घ्या. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. डिप्लोमावाल्याला महिना ८ हजार, पदवीधराला १० हजार. फरक २ हजारांचा. मायबाप सरकारच्या लेखी डिग्रीचं मोल एवढंच.

मग हा समज आला कुठून, की सिव्हिल घे, मरण नाही?

तो आला आपल्या काकांकडून. आणि काका खोटं बोलत नव्हते. १९८३ च्या आधी या जिल्ह्यातल्या पोराला इंजिनिअर व्हायचं तर अमरावती नाही तर नागपूर गाठावं लागे. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी १९६४ चं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, आणि त्याच वर्षी आपल्या पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं. तो काळ धरणांचा होता. इसापूर, अरुणावती, मग बेंबळा. पाटबंधारे खात्याला माणसं हवी होती, इंजिनिअर मोजके होते. डिग्री किंवा डिप्लोमा हातात पडला की ऑर्डर यायची. त्या पिढीने घरं बांधली, भावंडांची लग्नं केली. आज ते निवृत्त होऊन ओट्यावर बसून सल्ला देतात, तो सल्ला त्यांच्या काळात शंभर टक्के खरा होता. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या कापसाच्या भावावर आज कोणी जिनिंगमध्ये सौदा करते काय?

बरं, जिल्ह्यात काम नाही असंही नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग घ्या. २८४ किलोमीटर, २००८-०९ च्या अर्थसंकल्पातला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी आली तेव्हा पंतप्रधानांनी इथूनच हिरवी झेंडी दाखवली. तुळजापूर-नांदेड-यवतमाळ-वर्धा-बुटीबोरी हा मोठा महामार्ग झाला. गावोगाव जलजीवनच्या टाक्या उभ्या राहिल्या, घरकुलं झाली. सोळा तालुक्यांत बांधकाम सुरूच आहे. पण कंत्राट मोठ्या कंपनीचं, तिच्याखाली पोटकंत्राटदार, त्याच्याखाली आणखी एक, आणि सगळ्यात खाली आपला पोरगा, नेमणूकपत्राशिवाय, पीएफशिवाय. खात्यांमध्येही तेच. पद रिकामं ठेवायचं आणि एजन्सीमार्फत अकरा महिन्यांचा माणूस घ्यायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये तर सरकारने बाह्ययंत्रणेकडून भरतीचा जीआरच काढला होता. पोरं रस्त्यावर आली तेव्हा ऑक्टोबरात तो रद्द झाला. जीआर रद्द झाला, सवय रद्द झाली नाही.

मग कोणी म्हणते, नोकरी कायले पाहिजे, ठेकेदारी कर. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी कर. कागदावर योजना सुंदर आहे. छोट्या कामांतली ३३ टक्के बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर संस्थांना, ३४ टक्के खुल्या कंत्राटदारांना. पण काम मिळालं तरी सिमेंट, लोखंड, गिट्टी आधी स्वतःच्या खिशातून टाकावी लागते. ज्याने कर्ज काढून डिग्री घेतली त्याच्या खिशात गिट्टीचे पैसे कुठून येणार? मग नाव पोराचं, काम दुसऱ्याचं, पोराला दोन-तीन टक्के. आणि ज्यांनी खरंच काम केलं त्यांची बिलं? २०२४ आणि २०२५ मध्ये राज्यभरचे कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं करत होते, हे पेपरात सगळ्यांनी वाचलं आहे. मोठा ठेकेदार दोन वर्षं थांबू शकतो. पंचविशीतला पोरगा थांबला की सावकाराच्या दारात जातो.

आता जे मला विचारतील, "म्हणजे सगळ्यांनी कॉम्प्युटरलाच जायचं का? रस्ते-पूल कोण बांधणार?" त्यांना उत्तर देतो. कॉम्प्युटरलाच जा, असं मी म्हणत नाही. २०२४-२५ पासून एआयसीटीईने प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली आणि कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआयच्या तुकड्या धडाधड वाढवल्या. त्या गर्दीचं पीक कसं येते तेही चार वर्षांत दिसेल. रस्ते-पूल बांधायला सिव्हिलची माणसं लागणारच. म्हणूनच तर त्यांना मिस्त्रीपेक्षा कमी पगारावर राबवणं बंद झालं पाहिजे. चांगला इंजिनिअर साईट सोडून गेला की काय होते, ते पहिल्या पावसात उखडलेल्या रस्त्यावर आपण सगळेच पाहतो.

आणि "माझा भाचा दुबईत दोन लाख कमावतो" म्हणणाऱ्या भाऊंना नमस्कार. भाच्याचं कौतुक आहे. पण एका भाच्यावर साठ पोरांच्या वर्गाचा हिशेब होत नाही.

मग करायचं काय? मला जे पटते ते सांगतो.

१) सिव्हिलच करायचं पक्कं असेल तर दहावीनंतर सरकारी तंत्रनिकेतन पहिलं पाहा. यवतमाळलाच आहे. फी वर्षाला १० हजारांच्या आत-बाहेर. तीन वर्षांत डिप्लोमा. मग थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेऊन आणखी तीन वर्षांत डिग्री. दहावीनंतर एकूण सहा वर्षं. आणि अकरावी-बारावी करून चार वर्षं डिग्री केली तर? तीही सहाच वर्षं! वेळ तेवढाच, डिग्री तीच. पण डिप्लोमाच्या वाटेने डिग्रीची एका वर्षाची फी वाचते, सीईटीच्या क्लासचा खर्च वाचते, आणि अर्ध्या वाटेवर कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा देण्याची पात्रता हातात असते. घरी अडचण आली तर पोरगा तीन वर्षांनंतर थांबू शकतो. चार वर्षांच्या डिग्रीत दोन वर्षांनी थांबलेल्याच्या हातात बारावीची मार्कशीट राहते.

या वाटेत खाचखळगे आहेत. दुसऱ्या वर्षाचं गणित डिप्लोमावाल्या पोरांना जड जाते. जेईई-नीटची वाट जवळजवळ बंद होते. सरकारी तंत्रनिकेतनला दहावीचे मार्क चांगले लागतात. हे सगळं माहीत असू द्या आणि मग ठरवा.

२) बारावी झाली असेल आणि व्हीएनआयटी, सीओईपी, अमरावतीचं किंवा आपल्या यवतमाळचं शासकीय अभियांत्रिकी मिळत असेल, तर डोळे झाकून जा. तिथं फी, शिक्षक आणि ओळख, तिन्हींचा हिशेब वेगळा आहे.

३) मुलींसाठी गणित बदललं आहे. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅप राउंडमधून प्रवेश असेल तरच. अनुसूचित जाती-जमाती आणि विमुक्त-भटक्यांच्या लेकरांनाही सवलत मोठी आहे. म्हणून उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, जात पडताळणी आधीच काढून ठेवा. शेवटच्या दिवशी तहसीलमध्ये रांग लावू नका. आणि "कॅप सोडा, आमच्याकडे थेट सीट देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्याचं कमिशन तुमच्या शिष्यवृत्तीतून जाते.

४) खासगी कॉलेजमध्ये जायचंच असेल तर प्राचार्यांसमोर बसून चार प्रश्न विचारा. सिव्हिलच्या मागच्या तुकडीत किती पोरं होती? त्यातली किती चार वर्षांत पास झाली? किती जणांना सिव्हिलच्याच कामाचं नेमणूकपत्र मिळालं? मधल्या पोराचा पगार किती? सगळ्यात वरच्याचा नको, मधल्याचा सांगा म्हणा. कागदावर लिहून मागा. जे कॉलेज खरं काम करते ते देईल. जे चहा पाजून विषय बदलेल त्याला रामराम करा.

आणि आमदार-खासदार, पालकमंत्री, जे कोणी हे वाचत असतील त्यांना तीन मागण्या. एक, कॉलेजने फलक लावायचा तर त्यावर शाखानिहाय पास झालेल्यांचे आणि नोकरी लागलेल्यांचे आकडे टाकणं सक्तीचं करा. दोन, कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्या, रिकामी पदं एजन्सीने भरू नका. तीन, जिल्ह्यात रेल्वेचं, महामार्गाचं, पाणीयोजनेचं काम घेणाऱ्या कंपनीला इथली पोरं शिकाऊ म्हणून, पत्र देऊन आणि विद्यावेतन देऊन घ्यायला लावा. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. नवा कायदा मागत नाही, आहे तो वापरा म्हणतो.

कॉलेजवाल्यांना राग येईल, येऊ द्या. माझे आकडे चुकत असतील तर त्यांनी आपले आकडे सहीशिक्क्यानिशी इथं टाकावेत, मी ही पोस्ट त्यांच्या आकड्यांसह पुन्हा टाकतो.

आईबापांना मात्र एवढंच सांगणं आहे. पोरावर पैसे खर्च करू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. शिक्षणावर घातलेला पैसा वाया जात नाही असं आपण मानतो, आणि मानलंच पाहिजे. पण बाजारात कापूस नेला तर काट्यावर डोळा ठेवता ना? मग फी भरायला जातानाही तोच डोळा उघडा ठेवा. कॅप राउंडचा पर्याय भरण्याच्या आदल्या रात्री पोराला शेजारी बसवा, वही घ्या, आणि डिग्री किती क्विंटलची पडते ते त्याच्याच हाताने लिहू द्या.